शेक्सपिअरचं अठरावं सुनीत समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कोणती कविता?

'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे?' या ओळीने सुरू होणारी. सुनीत म्हणजे 'सॉनेट', चौदा ओळींची कविता. शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी ही अठरावी. त्याने तिला नाव दिलेलं नाही, फक्त क्रमांक आहे, म्हणून तिला 'सॉनेट एटीन' किंवा पहिल्या ओळीने ओळखतात. सगळी सुनीतं एकत्र प्रथम छापली गेली ती १६०९ साली लंडनमध्ये, टॉमस थॉर्प या प्रकाशकाकडून. त्या आवृत्तीच्या आज जेमतेम तेरा प्रती उरल्या आहेत.

चौदा ओळींचा सरळ मराठीत अर्थ काय?

आधी गद्यात पाहू. कवितेची मजा यात नाही, पण खालची जमीन दिसते.

ओळी १ ते ४: तुला उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवसाची उपमा देऊ का? तुझं रूप त्याहून गोड आणि वृत्ती त्याहून सौम्य. मे महिन्यातल्या लाडक्या कळ्यांना दांडगे वारे गदागदा हलवतात, आणि उन्हाळ्याच्या भाडेपट्ट्याची मुदत फारच थोडी.

ओळी ५ ते ८: कधी आकाशाचा डोळा नको इतका तापतो, तर पुष्कळदा त्याचा सोनेरी वर्ण झाकोळून जातो. जे जे सुंदर आहे ते केव्हा ना केव्हा सौंदर्यापासून ढळतं. कधी दैवयोगाने, कधी निसर्गाच्या फिरत्या चक्रामुळे त्याचा साज उतरतो.

ओळी ९ ते १२: पण तुझा चिरंतन उन्हाळा कोमेजणार नाही. तुझ्या मालकीच्या सौंदर्यावरचा तुझा ताबा सुटणार नाही. 'माझ्या छायेत याची भटकंती चालली आहे' अशी बढाई मृत्यूला मारता येणार नाही, जेव्हा अमर ओळींमधून तुझी वाढ काळाच्या जोडीने होत राहील.

ओळी १३ आणि १४: जोवर माणसं श्वास घेतात, जोवर डोळ्यांना दिसतं, तोवर हे जगेल आणि हे तुला जगवेल.

'उन्हाळ्याचा दिवस' ही स्तुती कशी? आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा.

हा प्रश्न विचारायला पुष्कळजण लाजतात, पण सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या हवेत वाढलेल्या माणसाला कुणी 'तू उन्हाळ्यासारखी' म्हटलं, तर भांडणच व्हायचं.

इंग्लंडचं गणित उलटं आहे. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांचासुद्धा नसतो, तर जूनमधला सोळा तासांहून मोठा. जुलैतल्या दुपारीही पारा सरासरी २३-२४ अंशांच्या आसपास. अंधार, चिखल आणि गारठ्याचे महिने काढल्यावर येणारा हा काळ. आपल्या मनात शरदातल्या चांदण्याला किंवा श्रावणातल्या कोवळ्या उन्हाला जी जागा आहे, ती तिकडे 'समर्स डे'ला आहे.

अशी उलटापालट कवितेत आणखी दोन ठिकाणी होते. सहाव्या ओळीत सूर्य ढगाआड जातो, आणि कवीच्या दृष्टीने ती तक्रार आहे. आपल्याला भर उन्हाळ्यात ढग आले तर हायसं वाटतं, वळवाची चाहूल लागते. अकराव्या ओळीत मृत्यूची 'शेड' आहे. आपल्या भाषेत सावली म्हणजे आसरा, विसावा. इथे मात्र ती मृत्यूच्या राज्यातली काळोखी छाया आहे. बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रात 'मृत्यूच्या छायेची दरी' येते, तिची आठवण तेव्हाच्या वाचकाला हटकून होई. उन्हाळा, ढग आणि सावली या तीन ठिकाणी आपला हवामानाचा अनुभव बाजूला ठेवला की निम्मी अडचण सुटते.

कळ्या मे महिन्यातल्या, मग उन्हाळ्याच्या वर्णनात त्या कशा?

दोन कारणं. त्या काळी मे महिना बोलण्यात सर्रास उन्हाळ्यात धरला जाई. शिवाय इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, आणि ते आजच्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे होतं. म्हणजे तिथला ३१ मे आपल्या हिशेबाने १० जून. इंग्लंडने कॅलेंडर बदललं ते थेट १७५२ मध्ये.

यात उपमा अलंकार आहे, असं लिहिलं तर चालेल?

नाही, आणि इथेच बहुतेक उत्तरं घसरतात. पहिल्या ओळीत कवी उपमा देत नाही, 'देऊ का?' असं विचारतो. दुसऱ्या ओळीपासून उत्तर येतं ते जवळजवळ नकाराचं: ही उपमा तुला कमी पडते.

मराठी शाळेत शिकलेल्याला यासाठी नवं काही शिकायला नको. उपमेय हे उपमानापेक्षा सरस ठरतं तेव्हा तो व्यतिरेक अलंकार. 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' हे पाठ्यपुस्तकातलं ठरलेलं उदाहरण. ज्ञानेश्वरीतलं 'परि अमृतातेही पैजा जिंके' हेही त्याच जातीचं, आणि अठराव्या सुनीताला अधिक जवळचं, कारण तिथेही जिंकतात ते शब्द. ओळ २ ते ८ हा एक लांबवलेला व्यतिरेक आहे, असं म्हणून सुरुवात केली तर कवितेचा सांगाडा हाती येतो.

पुढची गंमत नवव्या ओळीत आहे. सात ओळी खर्च करून जो उन्हाळा नापास केला, तोच कवी परत बोलावतो: 'दाय इटर्नल समर', तुझा चिरंतन उन्हाळा. आता तो उपमान राहिलेला नाही, थेट रूपक झाला आहे. ऋतूचा उन्हाळा सरतो, तुझा सरत नाही. नाकारलेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरायची, ही या कवितेतली खरी कारागिरी.

'टेम्परेट'ला मराठीत काय म्हणायचं?

एका शब्दात भागत नाही. भूगोलाच्या पुस्तकात 'समशीतोष्ण कटिबंध' असतो तो हाच 'टेम्परेट'. पण माणसाबद्दल वापरला की अर्थ होतो संयमी, टोकाला न जाणारा. कवी हा शब्द हवा आणि स्वभाव यांच्या सांध्यावर ठेवतो, म्हणून तो दोन्हीकडे लागू पडतो.

त्यामागे त्या काळचं वैद्यकही आहे. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव शरीरात असतात आणि त्यांच्या मिश्रणावर माणसाची प्रकृती ठरते, अशी समजूत होती. 'कॉम्प्लेक्शन' हा सहाव्या ओळीतला शब्द मुळात त्या मिश्रणाचाच. चेहऱ्याचा वर्ण हा त्याचा दिसणारा परिणाम. 'वात, पित्त, कफ' आणि 'समप्रकृती' हे शब्द ज्या घरात सहज बोलले जातात, तिथे हे समजायला अर्धा मिनिटही लागू नये. उन्हाळ्याची प्रकृती बिघडते, तुझी नाही, असा हा जोड आहे.

यात कोर्टकचेरीचे शब्द कशासाठी?

प्रेमकवितेत भाडेपट्टा येतो हे ऐकून हसू येतं, पण ते शब्द ओळीने मांडून पाहा. चौथ्या ओळीत 'लीज' म्हणजे भाडेपट्टा आणि 'डेट' म्हणजे त्याची मुदत. इथे 'डेट'चा अर्थ तारीख असा घेतला की ओळ कोसळते. दहाव्या ओळीत 'पझेशन', म्हणजे ताबा, आणि त्याच ओळीच्या शेवटी 'ओस्ट'. हा शब्द आजच्या 'देणं लागणे'चा नाही. तेव्हा 'ओ' या क्रियापदाचा अर्थ 'मालकी असणे' असाही होता. 'तुझ्या मालकीचं सौंदर्य' हा अर्थ. 'तू ज्याचा ऋणी आहेस ते सौंदर्य' नव्हे.

आता चित्र जुळतं. उन्हाळा हा भाडेकरू. मुदत संपली की जागा सोडणार. सूर्यप्रकाश, कळ्या, रंग, सगळं त्याने भाड्याने घेतलेलं. 'तू' मात्र मालक आणि कब्जेदारही. ज्या गावात जमिनीच्या कब्जावरून तीन पिढ्या कज्जे चालतात, तिथल्या वाचकाला मालकी आणि कब्जा यांतला फरक वेगळा शिकवायला नको! पहिल्या सतरा सुनीतांतही असे व्यवहाराचे शब्द आहेत: व्याज, वारसा, मृत्युपत्र. शेक्सपिअरला ते हाताशी होते.

आणखी कोणते शब्द हमखास चुकतात?

आठव्या ओळीतला 'अनट्रिम्ड' सर्वाधिक. 'न कापलेले' असं समजून काही मार्गदर्शक पुस्तिका केसांपर्यंत पोहोचतात. 'ट्रिम' म्हणजे सजवणं. सजावट उतरवलेलं ते 'अनट्रिम्ड'. जहाजाची शिडं वाऱ्याप्रमाणे लावण्यालाही तोच शब्द आहे, त्यामुळे त्याच ओळीतल्या 'चेंजिंग कोर्स'च्या (बदलत्या मार्गाच्या) शेजारी शिडं सुटलेल्या होडीची एक पुसट प्रतिमा उमटते. ती असलीच पाहिजे असं नाही, पण नाकारूही नये.

'फेअर' सातव्या ओळीत दोनदा येतो. पहिला म्हणजे सुंदर वस्तू किंवा व्यक्ती, दुसरा म्हणजे सौंदर्य हा गुण. दहाव्या ओळीत तोच शब्द पुन्हा. गोरेपणा हा त्याचा एक अर्थ असला तरी इथे तो पकडू नका.

'आय ऑफ हेवन' म्हणजे सूर्य. मागोमाग 'हिज गोल्ड कॉम्प्लेक्शन' येतं, त्यातला 'हिज' हा सूर्याचाच. तो देव किंवा प्रियकर नाही. 'समटाइम' म्हणजे कधीकधी. 'ब्रॅग' म्हणजे बढाई मारणं. मृत्यू इथे गावभर मिरवणारा बढाईखोर झाला आहे, म्हणजे चेतनगुणोक्ती.

या सुनीताची बांधणी कशी आहे?

चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींची जोडी. यमकं एकाआड एक: पहिली ओळ तिसरीशी, दुसरी चौथीशी, आणि प्रत्येक गटात यमक नवं. डे-मे, टेम्परेट-डेट, शाइन्स-डिक्लाइन्स, डिम्ड-अनट्रिम्ड, फेड-शेड, ओस्ट-ग्रोस्ट, आणि शेवटी सी-दी.

यमकं मोजून थांबू नका. प्रत्येक गटात वर्तुळ मोठं होतं ते पाहा. सुरुवात एका दिवसापासून. चौथ्या ओळीपर्यंत अख्खा ऋतू. सातव्या ओळीत 'एव्हरी फेअर', म्हणजे जगातली सुंदर म्हणावी अशी प्रत्येक गोष्ट. तिसऱ्या गटात मृत्यू आणि काळ. एका दिवसावरून निघालेली गोष्ट आठ-दहा ओळींत सगळ्या नश्वरतेपर्यंत जाते. नवव्या ओळीच्या आरंभीच्या 'बट'वर कविता वळते. त्या 'पण'खाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा. त्याआधी तीन ओळी 'अँड'ने सुरू होतात, तक्रारींची यादी वाचल्यासारखं. त्यानंतर दोन 'नॉर', ठणकावून दिलेले नकार. शेवटी दोन 'सो लाँग'. ओळींचे पहिले शब्दच वाचले तरी भांडणाचा सूर कळतो.

आयंबिक पेंटामीटर म्हणजे काय? लघु-गुरूने समजेल का?

अर्धं समजेल, आणि उरलेलं अर्धं चुकेल. इंग्रजी वृत्त जोरावर चालतं, मात्रेवर नाही. एक अक्षर हलकं, पुढचं जोरकस, अशी जोडी म्हणजे 'आयंब'. पाच जोड्या, दहा अक्षरं, एक ओळ.

ठेका कानात बसवायचा असेल तर पंचचामर आठवा. शिवतांडवस्तोत्र त्या वृत्तात आहे: ज-टा-ट-वी, लघु-गुरू, लघु-गुरू, अशा आठ जोड्या. त्यातल्या पाचच जोड्या घेतल्या की या सुनीताच्या ओळीची लांबी होते. इथवर साम्य. फरक असा की पंचचामरात एकही गण हलत नाही. इंग्रजीत मात्र चांगला कवी ठेका मुद्दाम मोडतो, आणि तो जिथे मोडतो तिथेच कान द्यायचा असतो.

पहिली ओळ सरळ आहे: शॅल आय कम्पेअर दी टू अ सम-अर्स डे. 'आय' आणि 'टू'वर जोर नावापुरता, 'पेअर', 'सम' आणि 'डे'वर खरा. तिसरी ओळ उघडते 'रफ विंड्ज'ने. दोन्ही अक्षरं जड, हलकं कुठेच नाही. वारा ठेक्यालाच धक्का देतो. पाचवी ओळ सम-टाइम अशी उलटी सुरू होते, जोर आधी. सातव्या ओळीत तोच शब्द परत येतो, पण तिथे वृत्ताच्या ओघात जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो: सम-टाइम. एकच शब्द, दोन ओळींच्या अंतराने दोन वजनं. मोठ्याने वाचल्याशिवाय हे कधीच सापडत नाही.

शेवटच्या दोन ओळी वेगळ्या मोजून पाहा. वीस शब्द, वीस अक्षरं. एकही जोडशब्द नाही, एकही लांब शब्द नाही. 'सो लाँग लिव्ह्ज धिस, अँड धिस गिव्ह्ज लाइफ टू दी.' वरच्या बारा ओळींत 'पझेशन', 'इटर्नल', 'कॉम्प्लेक्शन' असे वजनदार शब्द वापरून झाल्यावर कवी शेवट करतो तो लहान मुलालाही वाचता येतील अशा शब्दांत.

मोठ्याने वाचताना काय सांभाळायचं?

वरचं स्वल्पचिन्ह पाहा: डिम्'ड, अनट्रिम्'ड, वाँडर्'स्ट. स्वर गाळला आहे अशी ती खूण. 'डिम्-मेड' असं फोडलं की अक्षर वाढतं आणि ठेका गडगडतो. याउलट 'टेम्परेट'ची तीनही अक्षरं म्हणा, टेम-प-रेट, आणि शेवट 'डेट'शी जुळू द्या. आजच्या घाईच्या उच्चारात तो शब्द 'टेम्प्रिट' होतो आणि यमकही जातं, अक्षरही. 'एव्हरी' मात्र दोनच अक्षरी.

ओळीच्या शेवटी दरवेळी थांबू नका. नववी ते बारावी ओळ एका दमात जायला हवी. नवव्याच्या शेवटी विराम नाहीच. बाराव्यानंतर पूर्ण श्वास. मग शेवटची जोडी, हळू. सगळं मिळून साधारण एक मिनिट.

'इटर्नल लाइन्स' म्हणजे कवितेच्या ओळीच ना?

मुख्य अर्थ तोच. पण 'लाइन' म्हणजे वंशाची रेषाही, आणि आधीच्या सतरा सुनीतांत कवी एका तरुणाला एकच गोष्ट परोपरीने विनवतो आहे: लग्न कर, मूल होऊ दे, तुझं रूप त्यातून टिकेल. अठराव्यात मुलाचा उल्लेखच नाही. वंशाच्या रेषेची जागा कवितेच्या ओळीने घेतली. म्हणून हे सुनीत सुटं वाचलं तर गोड वाटतं, आणि सतराव्यानंतर वाचलं तर धाडसी.

'टू टाइम दाऊ ग्रोस्ट' यात माळ्याचं काम आहे. झाडावर कलम बांधतात, दोरीने आवळतात, आणि काही दिवसांनी ते खोडाशी एकजीव होऊन वाढतं. पंधराव्या सुनीतात शेक्सपिअर 'तुझं नवं कलम करतो' असं उघड म्हणतो. इथे काळ हे खोड, 'तू' ही फांदी आणि ओळी म्हणजे कलम बांधायची दोरी. ज्याने आंब्याचं कलम बांधताना पाहिलं आहे, त्याला ही ओळ टीपेशिवाय दिसेल.

ही प्रेयसीसाठी आहे की मित्रासाठी?

या चौदा ओळींत समोरच्या व्यक्तीचं लिंग सांगणारा एकही शब्द नाही. ती तरुण पुरुषाला उद्देशून आहे असं म्हणतात ते क्रमावरून: १ ते १२६ ही सुनीतं एका देखण्या तरुणाभोवती फिरतात आणि १२७ ते १५२ एका सावळ्या स्त्रीभोवती, अशी विभागणी अठराव्या शतकात संपादक एडमंड मलोनच्या १७८० च्या आवृत्तीपासून रूढ झाली. त्याआधी १६४० मध्ये जॉन बेन्सनने काढलेल्या संग्रहात क्रम विस्कटला होता, काही ठिकाणी पुल्लिंगी सर्वनामं बदलली होती, आणि अठरावं सुनीत चक्क गाळलं होतं.

१६०९ च्या अर्पणपत्रिकेतले 'मिस्टर डब्ल्यू. एच.' कोण, यावर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं आहे. साउदॅम्प्टनचा अर्ल हेन्री रिझ्ली आणि पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम हर्बर्ट ही त्यातली दोन ठळक नावं. ही कविता समजायला त्यातलं काहीही लागत नाही.

'दाऊ' आणि 'दी' म्हणजे आदरार्थी का?

उलट. ते आपलं 'तू' आणि 'तुला'. आदरार्थी किंवा औपचारिक होतं ते 'यू'. जुनं म्हणून भारदस्त असेल असा समज होतो आणि मग अनुवादात 'आपण' येतं. कविता तिथेच ताठ होते. जाता जाता एक पाहण्यासारखं: पंधरा, सोळा आणि सतरा या तिन्ही सुनीतांत कवी 'यू' वापरतो. अठराव्यात तो 'तू'वर येतो.

ही प्रेमकविता आहे की कवीची आत्मस्तुती?

कवितेत समोरच्याचं वर्णन शोधा. डोळे, केस, ओठ, चाल, काही सापडत नाही. दुसऱ्या ओळीतले 'लव्हली' आणि 'टेम्परेट' हे दोन शब्द संपले की वर्णन संपलं. नावही नाही. ज्याला अमर केलं तो कोण हे चारशे वर्षं कुणाला कळलेलं नाही, अमर झाली ती कविता. 'हे जगेल' मधलं 'हे' म्हणजे तीच.

आमच्या मते दोन्ही खरं आहे आणि ते कवितेला मारक नाही. प्रेम करणाऱ्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे, शब्द, आणि तो त्याची किंमत लपवत नाही. शिवाय तेराव्या ओळीत एक अट आहे, ती घाईत सुटते: जोवर माणसं आहेत तोवर. अनंतकाळ नाही. वाचणारा उरला नाही तर ओळही उरणार नाही, हे कवीनेच मांडून ठेवलं आहे.

सगळी इंग्रजी सुनीतं अशीच असतात का?

नाही. हा प्रकार इटलीतून आला. चौदाव्या शतकातल्या पेत्रार्कच्या सुनीतांत आठ आणि सहा अशी विभागणी असते. सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड या कवींनी ती इंग्रजीत आणली. इटालियनमध्ये यमकं मुबलक, इंग्रजीत टंचाई. तेव्हा सरेने प्रत्येक गटाला नवं यमक दिलं. पुढे शेक्सपिअरच्या नावाने ओळखला जाणारा साचा तो हाच. एडमंड स्पेन्सर या कवीने गटांची यमकं साखळीसारखी गुंफली. आणि शेक्सपिअरसुद्धा नियमाला बांधलेला नव्हता: नव्व्याण्णवाव्या सुनीतात पंधरा ओळी आहेत, एकशे सव्विसाव्यात बारा.

मराठी सुनीत हेच का?

घाट तोच, अंग आपलं. सुनीत मराठीत रुजवलं केशवसुतांनी. त्यांचं 'आम्ही कोण?' घ्या: चौदा ओळी, पण वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे ओळीत दहाऐवजी एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे ठरलेला विराम. पहिल्या चार ओळींची यमकं 'लाडके, खेळावया, लीलया, शके' अशी, बाहेरची बाहेर आणि आतली आत. ही पेत्रार्कची पद्धत, शेक्सपिअरची नाही. शेवट मात्र दोन ओळींच्या जोडीने होतो. आणि विषय? आम्हा कवींना वगळा, तारांगणं निस्तेज होतील. अठराव्या सुनीताचा शेवट ज्याला गर्विष्ठ वाटतो त्याने हे शेजारी ठेवून वाचावं.

मराठीत अनुवाद करायचा आहे. कुठे अडेल?

दुसऱ्याच ओळीत. 'दाऊ आर्ट मोर लव्हली' यात लिंग नाही. मराठीत 'देखणा आहेस' किंवा 'देखणी आहेस' यातून निवडावंच लागतं. सुटका हवी असेल तर विशेषण माणसाला न लावता नामाला लावा: तुझं रूप, तुझी वृत्ती. वरच्या गद्य अर्थात तेच केलं आहे.

मग उन्हाळा. तो बदलून 'शरदातला दिवस' केला तर पहिली ओळ खुलते, पण पाचवीत सूर्य तापायला लागला की पंचाईत. 'वसंत' घेतला तर ऊन जमतं, पण तो फार वापरून गुळगुळीत झाला आहे. उन्हाळा तसाच ठेवून तळटीप देणं हा कमी नुकसानीचा मार्ग, असं आमचं मत. वृत्तासाठी शार्दूलविक्रीडित घेतलंत तर ओळीमागे नऊ अक्षरं जास्तीची भरावी लागतील आणि 'अहा', 'खरे', 'सखे' असली भर पडेल. सखे तर नकोच. लिंगाचा निकाल लावून टाकते.

एका जागी मराठी वरचढ ठरते. 'लिव्ह्ज' आणि 'गिव्ह्ज लाइफ' यांसाठी इंग्रजीला दोन वेगळ्या रचना लागतात. मराठीत जगणे आणि जगवणे: एक 'व' घातला की काम होतं.

परीक्षेच्या उत्तरात काय लिहावं?

तुलना नाकारली जाते हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. नंतर नवव्या ओळीवरचं वळण, भाडेपट्टा ते मालकी हा धागा, आणि शेवटच्या जोडीतले एकाक्षरी शब्द. या तिन्हींसाठी ओळीतले शब्द उद्धृत करा. यमकांची योजना एका वाक्यात संपवा. तिच्यावर अर्धं पान गेलं की परीक्षकाला कळतं की पुढे काही नाही. शेक्सपिअरचा जन्म, मृत्यू, नाटकांची संख्या, हे गाळलं तरी बिघडत नाही. 'कवी प्रेयसीच्या सौंदर्याचं वर्णन करतो' हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा: प्रेयसी ठरलेली नाही आणि वर्णन केलेलं नाही.

हे जमलं. पुढे कोणतं वाचू?

आधी मागे जा: पंधरा आणि सतरा. मग एकोणीस, त्यात काळाला थेट आव्हान आहे. पंचावन्नमध्ये संगमरवरी स्मारकांशी स्पर्धा, पासष्टमध्ये त्याच दाव्याबद्दल शंका. शेवटी एकशे तीस. तिथे बाईचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत, असं म्हणून कवी सगळ्या ठरीव उपमांची खिल्ली उडवतो. अठराव्यातला व्यतिरेक तिथे उलटा करून घातला आहे.